चला, अंगकोरला!

झेंड्यावर देऊळ मिरवणाऱ्या देशाची सफर – डोंगरापासून सरोवरापर्यंत, एका नदीचं बोट धरून

मुलांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू. असा कोणता देश आहे, की ज्याच्या झेंड्यावर चक्क एक देऊळ आहे? तिथल्या भाषेत शाळेला म्हणतात 'साला' आणि शिक्षकाला म्हणतात 'क्रू'. हसू नका! 'साला' म्हणजे आपली संस्कृतातली 'शाला' आणि 'क्रू' म्हणजे आपले 'गुरू'. नगराला ते म्हणतात 'नोकोर'. आता तरी ओळखलंत का?

बरोबर! कंबोडिया. जुन्या काळचा कंबुज देश. नकाशा काढा आणि आग्नेय आशियात शोधा. थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम या तिघांच्या मधे तो बसलेला दिसेल. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठा. तिथल्या लोकांना आणि त्यांच्या भाषेला 'खमेर' म्हणतात. खमेर लिपीसुद्धा दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपासून घडलेली आहे, बरं का!

आणि झेंड्यावरचं ते देऊळ म्हणजे अंगकोर वाट. 'अंगकोर' हा शब्द आला 'नगर' या शब्दावरून, आणि 'वाट' म्हणजे देऊळ. म्हणजे नगरातलं देऊळ. पण तिथे हे एकच देऊळ आहे असं समजू नका. नवव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत इथे खमेर राजांची राजधानी होती. भरभराटीच्या काळात या नगरात आणि आसपास ७ ते ९ लाख लोक राहत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या काळात जगात इतकी मोठी शहरं फार थोडी होती.

आता एवढ्या माणसांना पाणी कुठून मिळत होतं? पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस पडतो आणि मग कित्येक महिने थेंबही नाही. अगदी आपल्याकडच्यासारखंच! म्हणून आपण अंगकोर जरा वेगळ्या रीतीनं पाहू या. आधी डोंगरावर जाऊ. तिथे एक नदी उगम पावते. तिचं बोट धरायचं आणि ती नेईल तिकडे जायचं. आहात ना तयार?

नदीच करते अभिषेक

डोंगराचं नाव फ्नोम कुलेन. 'फ्नोम' म्हणजे डोंगर, आणि 'कुलेन' म्हणजे लिची. हा लिचीचा डोंगर अंगकोरच्या ईशान्येला आहे. उंची काही फार नाही, ५०० मीटरच्या आतच. पण वर दाट झाडी आणि त्यातून उड्या मारत येणारे धबधबे.

इथेच ८०२ साली दुसरा जयवर्मन या राजानं स्वतःला चक्रवर्ती म्हणून अभिषेक करवून घेतला. तिथूनच खमेर साम्राज्याची सुरुवात मानतात. डोंगराचं तेव्हाचं नाव होतं महेंद्रपर्वत.

नदीच्या पाण्यात नीट वाकून पाहा. तळाशी काय दिसतंय? ओळीनं लहान लहान गोल उंचवटे. ती आहेत शिवलिंगं! एक-दोन नव्हे, शेकडो. तळाच्या खडकातच कोरलेली. मधूनच शेषशायी विष्णू दिसतो, त्याच्या नाभीतून निघालेलं कमळ दिसतं.

देवळात आपण पिंडीवर अभिषेकपात्र टांगतो ना? खमेर लोकांनी उलट केलं. पिंडीच नदीखाली ठेवल्या! वर्षानुवर्षं नदीच त्यांच्यावर अभिषेक करते आहे. तेच पवित्र झालेलं पाणी खाली मैदानात शेतांना आणि नगराला मिळावं, ही त्यामागची भावना.

याच डोंगराच्या पायथ्याशी दगडाच्या खाणी होत्या. देवळांसाठी लागणारा वालुकाश्म तिथून येई. अंगकोर वाट तिथून ३० किलोमीटरहून लांब. मग लाखो चिरे नेले कसे? संशोधकांना खाणींपासून अंगकोरकडे जाणाऱ्या जुन्या कालव्यांच्या खुणा सापडल्या आहेत. दगडांचा बराचसा प्रवास पाण्यातून झाला असावा, असं त्यावरून वाटतं.

गुलाबी देऊळ आणि दगडचोर

डोंगर उतरून खाली आलो की लागतं बान्ते स्रे. नावाचा अर्थ 'स्त्रियांचा गड'. देऊळ अगदी छोटं, पण दगड गुलाबी आणि कोरीवकाम इतकं नाजूक, की हे लाकूड आहे की दगड, असा प्रश्न पडावा. हे देऊळ राजानं बांधलेलं नाही. राजदरबारातल्या यज्ञवराह नावाच्या विद्वान ब्राह्मणानं ते बांधवलं, ९६७ साली.

दारांवरच्या कमानी नीट पाहा. कैलास पर्वत हलवणारा दहा तोंडांचा रावण दिसतो का? वेरूळच्या कैलास लेण्यात तुम्ही तो पाहिला असेल. सहलीला गेलेल्यांनी हात वर करा! दुसरीकडे वाली आणि सुग्रीव लढताहेत. आणखी एका कमानीवर खांडववन जळतंय. ते विझवायला इंद्र वरून पाऊस पाडतोय, आणि कृष्ण-अर्जुन बाणांचं छप्पर करून तो पाऊस अडवताहेत. पावसाच्या तिरप्या रेघासुद्धा दगडात कोरल्या आहेत.

या देवळात एक चोरीही झाली. १९२३ साली आंद्रे मालरो नावाचा एक तरुण फ्रेंच लेखक इथे आला. तेव्हा कंबोडियावर फ्रान्सचा अंमल होता. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी इथल्या देवतांच्या सुंदर मूर्ती भिंतीतून कापून काढल्या, खोक्यांत भरल्या आणि चालू लागले. पण राजधानी फ्नोम पेन्हमध्ये ते पकडले गेले. खटला झाला, शिक्षाही झाली; पुढे अपिलात ती कमी झाली. मूर्ती देवळाला परत मिळाल्या. आणि गंमत पाहा, हाच मालरो पुढे १९५९ साली फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला!

या चोरीमुळे सगळ्यांचं लक्ष या देवळाकडे गेलं. १९३१ ते १९३६ या काळात ते पुन्हा नीट उभारण्यात आलं. पडलेला प्रत्येक दगड तपासायचा, तो मूळचा कुठला ते ओळखायचं आणि परत तिथेच बसवायचा. तुम्ही चित्रांचे तुकडे जुळवण्याचा खेळ खेळता ना, तसाच. फक्त इथला एकेक तुकडा उचलायला दहा माणसं लागायची!

समुद्राएवढी तळी

नदी आता सपाट मैदानात आली. खमेर लोकांनी तिचा प्रवाह वळवला, कालवे काढले आणि पाणी साठवायला प्रचंड तलाव बांधले. अशा तलावाला 'बाराय' म्हणतात. जमिनीत खड्डा खणायचा नाही, तर चारी बाजूंना मातीचे उंच बांध घालायचे आणि त्यांत पाणी अडवायचं.

पूर्वेकडचा बाराय साडेसात किलोमीटर लांब. त्याचं जुनं नाव यशोधरतटाक. आता तो कोरडा आहे. पश्चिमेकडचा बाराय ८ किलोमीटर लांब आणि २ किलोमीटरहून अधिक रुंद! त्याच्या काठाकाठानं पायी एक फेरी मारायची म्हटलं तर २० किलोमीटर होतील. अकराव्या शतकातल्या या तलावात अजून पाणी असतं.

तिसरा तलाव जयतटाक. शतकानुशतकं तो सुकून गेला होता. कालवे आणि बांध दुरुस्त करून तो अलीकडे पुन्हा भरण्यात आला. त्याच्या मध्यावर नेआक पेआन नावाचं देऊळ आहे. लाकडी पुलावरून चालत तिथे जायचं. मधे एक मोठी पुष्करणी आणि चार बाजूंना चार लहान कुंडं. मोठ्या कुंडातलं पाणी लहान कुंडांत पडायचं ते चार तोंडांतून: हत्तीच्या, सिंहाच्या, घोड्याच्या आणि माणसाच्या. हे पाणी अंगावर घेतलं की रोग बरे होतात, अशी लोकांची श्रद्धा होती.

हे देऊळ बांधणारा राजा सातवा जयवर्मन. त्यानं राज्यात १०२ आरोग्यशाळा, म्हणजे इस्पितळं चालवली होती. कुठे कळलं हे? त्याच्याच एका शिलालेखात. चला, तो शिलालेख सापडला तिथेच जाऊ.

झाडाच्या मिठीत

ता प्रोम! हे देऊळ सातव्या जयवर्मननं ११८६ साली आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलं. शिलालेखात सगळा हिशेब आहे. देवळाच्या आवारात १२,६४० माणसं राहत होती आणि त्यांच्यासाठी धान्य पिकवायला ३,१४० गावं नेमून दिली होती.

पण लोक इथे येतात ते झाडं पाहायला. मोठमोठी झाडं देवळाच्या छपरावर उभी आहेत आणि त्यांची मुळं अजगरासारखी भिंतींवरून खाली उतरली आहेत. एवढं मोठं झाड छपरावर चढलं कसं? एखादा पक्षी फळ खातो, त्याची विष्ठा दगडाच्या फटीत पडते, तिच्यात बी असतं. पावसाळ्यात बी रुजतं आणि मुळं ओल शोधत खाली जमिनीपर्यंत येतात. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो, तसंच हे.

आता एक पेच सांगतो. झाडाची मुळं जाड होत गेली की दगड सरकतात, भिंत फुटते. म्हणजे झाड काढून टाकायला हवं, हो ना? पण त्याच मुळांनी सुटलेले दगड धरूनही ठेवले आहेत. झाड काढलं तर भिंतच कोसळेल. आणि नाही काढलं, तरी झाड एक दिवस म्हातारं होऊन पडणारच! तुम्ही काय कराल?

हा पेच सोडवायला कोण गेलं असेल? आपलीच माणसं! भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे तज्ज्ञ २००४ च्या सुमारापासून कंबोडियाच्या लोकांबरोबर ता प्रोममध्ये काम करू लागले. काही झाडांना आधार दिला, काही ठिकाणी मुळांखाली टेकू लावले, आणि पडलेले दगड पुन्हा रचले. त्याआधी १९८६ ते १९९३ या काळात याच खात्यानं अंगकोर वाटची डागडुजी केली होती. तेव्हा त्या देशात लढाई पुरती थांबलेलीही नव्हती.

हसणारे चेहरे

इथून जवळच अंगकोर थोम. म्हणजे 'मोठं नगर'. चौकोनी तट, प्रत्येक बाजू ३ किलोमीटर लांब, भोवती १०० मीटर रुंद खंदक. वेशीकडे जाणाऱ्या पुलावर एका बाजूला ५४ देव आणि दुसऱ्या बाजूला ५४ असुर बसले आहेत. सगळ्यांच्या हातात एक लांबलचक नाग. समुद्रमंथनच ते!

नगराच्या बरोबर मध्यावर बायोन देऊळ. मान वर करा. प्रत्येक शिखरावर चारी दिशांना प्रचंड चेहरे. मिटल्यासारखे डोळे आणि ओठांवर मंद हसू. असे जवळजवळ २०० चेहरे! आपण कुठेही उभे राहिलो तरी कुणीतरी आपल्याकडे पाहतंय असं वाटतं. हे चेहरे लोकेश्वर बोधिसत्त्वाचे, की राजाचे स्वतःचे? पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही.

मला विचाराल, तर बायोनच्या बाहेरच्या भिंती जास्त मजेदार. त्यांवर साधी माणसं कोरली आहेत. बाजारात बसलेल्या बायका, कोंबड्यांची झुंज लावणारे लोक, चुलीवर शिजणारं जेवण, नावेतून लढणारे सैनिक आणि नावेखाली पोहणारे मासे. एका माणसाला तर मागून कासव चावतंय! १२९६ साली चौ ता-क्वान नावाचा एक चिनी अधिकारी इथे येऊन जवळजवळ वर्षभर राहिला. बाजारातली खरेदी-विक्री बायकाच करतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. भिंतीवर पाहा, तसंच आहे.

अखेर अंगकोर वाट!

आता मात्र झेंड्यावरचं देऊळ. बाराव्या शतकात दुसरा सूर्यवर्मन या राजानं ते विष्णूसाठी बांधलं.

आधी दिसतो खंदक. खंदक कसला, सरोवरच! १९० मीटर रुंद. फुटबॉलची दोन मैदानं लांबीनं जोडली तर होतील जवळजवळ तेवढा. देवळाचं आवार दीड किलोमीटर लांब. मधलं शिखर जमिनीपासून ६५ मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारतीएवढं. शिखरं आहेत पाच. मग झेंड्यावर तीनच का? समोरून पाहताना तीनच दिसतात म्हणून!

पाच शिखरं म्हणजे मेरुपर्वताची शिखरं, आणि खंदक म्हणजे भोवतीचा महासागर. पुराणातलं सगळं विश्वच राजानं दगड आणि पाण्यात उभं केलं. बहुतेक देवळांचं तोंड पूर्वेला असतं, याचं मात्र पश्चिमेला. त्यामुळे पहाटे समोर उभं राहिलं की सूर्य देवळाच्या मागून उगवतो. आधी काळी शिखरं, मग केशरी आभाळ, आणि समोरच्या तळ्यात उलटं देऊळ! २१ मार्चच्या सुमाराला तर पश्चिमेच्या दारातून पाहताना सूर्य बरोबर मधल्या शिखरावर येतो.

आत ओवऱ्यांच्या भिंती चित्रांनी भरल्या आहेत. एका भिंतीवर कुरुक्षेत्र: बाणांच्या शय्येवर भीष्म. दुसरीवर लंकेचं युद्ध. आणि पूर्वेकडे ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन! एका बाजूला ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मधे विष्णू. खाली पाण्यातले मासे आणि मगरी मधोमध येईपर्यंत घुसळून तुकडे तुकडे झाल्या आहेत. देवांच्या बाजूला शेपटीशी एक मोठा वानर आहे. बरेच जण त्याला हनुमान म्हणतात. आपल्या गोष्टीत समुद्रमंथनाला हनुमान नसतो. पण खमेर लोकांनी गोष्ट ऐकली आणि आपल्या पद्धतीनं सांगितली!

पुढे हे देऊळ बौद्धांचं झालं. आजही भगव्या वस्त्रांतले भिक्षू इथे दिसतात. पश्चिमेच्या दारात आठ हातांच्या विष्णूची उंच मूर्ती आहे. लोक तिलाही वस्त्र नेसवतात, उदबत्ती लावतात. म्हणून 'एका फ्रेंच प्रवाशानं १८६० साली जंगलात हरवलेलं अंगकोर शोधून काढलं' असं कुणी सांगितलं, तर मान डोलवू नका. इथल्या माणसांनी ते कधी हरवलंच नव्हतं.

वाळूची मूद

आता सांगा, एवढं अवजड देऊळ उभं कशावर आहे? खडकावर? नाही. दाबून बसवलेल्या वाळूवर!

एक प्रयोग करून पाहा. दोन ताटल्या घ्या. एकीत कोरड्या वाळूची आणि दुसरीत ओलसर वाळूची मूद पाडा, आई वाटीनं भाताची मूद पाडते तशी. कोरडी मूद लगेच पसरेल. ओली ताठ उभी राहील, वर छोटी वही ठेवलीत तरी. आता ती ओली मूद दोन दिवस उन्हात ठेवा आणि मग बोटानं हलकेच टिचकी मारा. काय झालं?

देवळाखालची वाळू चहूबाजूंनी कोंडलेली आहे, त्यामुळे ती अशी एकदम ढासळत नाही. पण तिच्यात ओल असली, तरच ती घट्ट राहते. खंदकातलं आणि जमिनीखालचं पाणी ही ओल टिकवतं. म्हणजे खंदक नुसता शोभेचा नाही. तो देवळाला उभं ठेवतो!

आणि इथेच आजची काळजी आहे. देवळांशेजारी सिएम रीप नावाचं शहर आहे. २०१८ साली २५ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे अंगकोर पाहायला आले. त्यांच्यासाठी शेकडो हॉटेलं उभी राहिली. आंघोळीला पाणी, कपडे धुवायला पाणी, पोहण्याच्या तलावांना पाणी. ते आलं कुठून? पुष्कळसं बोअरवेलमधून, म्हणजे जमिनीच्या पोटातून. पोटातलं पाणी फार खाली गेलं, तर देवळाखालच्या वाळूचं काय होईल, हे तुमच्या मुदीनं तुम्हाला सांगितलंच आहे.

पाण्यानं या नगराला एकदा दगा दिलेला आहे. व्हिएतनामच्या डोंगरांतल्या जुन्या झाडांच्या खोडांतली वर्तुळं शास्त्रज्ञांनी मोजली. पाऊस कमी झाला, तर त्या वर्षीचं वर्तुळ बारीक असतं. त्यावरून कळलं, की चौदाव्या-पंधराव्या शतकांत इथे लांबच लांब दुष्काळ पडले, आणि मधेच कधी भयंकर पाऊस आला. कालवे फुटले, गाळानं भरले. त्यात शेजारच्या राज्याच्या स्वाऱ्या. शेवटी राजधानी दक्षिणेला हलली.

म्हणूनच अंगकोरची देखभाल करणाऱ्या 'अप्सरा' या सरकारी संस्थेनं जुने कालवे आणि तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले. जयतटाक भरला तो याच कामात. आठशे वर्षांपूर्वीची युक्ती आजही कामाला येते आहे!

उलटी वाहणारी नदी

आपली नदी देवळांना वळसा घालून सिएम रीप शहरातून जाते आणि एका सरोवरात विसावते. सरोवराचं नाव टोन्ले साप. घाबरू नका, इथे 'साप' म्हणजे गोडं पाणी!

या सरोवरातून निघणारी नदीही टोन्ले सापच. ती फ्नोम पेन्हजवळ मेकाँग या महानदीला मिळते. उन्हाळ्यात सरोवराचं पाणी मेकाँगकडे वाहतं. पण पावसाळ्यात मेकाँगला इतका पूर येतो, की तिचं पाणी या नदीत घुसतं आणि नदी चक्क उलटी वाहू लागते! सरोवर फुगायला लागतं. उन्हाळ्यात ते सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असतं, ते पसरून १५,००० चौरस किलोमीटरपर्यंत जातं. मीटरभर खोलीचं पाणी ८-९ मीटर होतं. जंगलं पाण्याखाली जातात, आणि झाडांच्या फांद्यांमधून मासे पोहतात. तिथेच ते अंडी घालतात, तिथेच पिल्लं वाढतात.

काठावरची घरं दोन-तीन मजले उंच खांबांवर असतात. काही गावं तर तरंगतीच. घर, दुकान, शाळा, सगळं पाण्यावर! सरोवर सरकलं की गावही सरकतं. कंबोडियातल्या लोकांच्या ताटात रोज मासा असतो, आणि तो बराचसा इथलाच. तिथल्या चलनाचं नाव रिएल. आणि याच नावाचा एक छोटा मासाही आहे!

नदी पुन्हा सरळ वाहू लागली की मोठा जलोत्सव होतो. तीन दिवस होड्यांच्या शर्यती, रात्री दिव्यांनी सजलेल्या नौका. कधी, माहीत आहे? कार्तिकी पौर्णिमेला! आपण त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावतो, त्याच सुमाराला.

पण २०१९ आणि २०२० साली नदी उशिरा उलटली आणि पाणीही कमी आलं. पाऊस कमी होता, आणि वरच्या देशांत मेकाँगवर मोठी धरणंही झाली आहेत. सरोवर फुगलं नाही, तर मासे कमी. मासे कमी, तर तरंगत्या शाळेतल्या मुलांच्या ताटात काय?

शूर उंदीर मगावा

कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या क्रूर राजवटीत सतरा लाखांहून अधिक माणसं मेली. शाळासुद्धा बंद होत्या. अनेक वर्षांच्या लढायांत जमिनीत पेरलेले सुरुंग नंतरही तसेच राहिले. ते शोधायला आफ्रिकेतले मोठे उंदीर शिकवून तयार करतात. त्यांना स्फोटकाचा वास कळतो, आणि वजन कमी असल्यानं सुरुंग फुटत नाही. टेनिसच्या मैदानाएवढी जागा ते अर्ध्या तासात तपासतात. मगावा नावाच्या उंदरानं पाच वर्षांत शंभराहून अधिक सुरुंग आणि स्फोटकं शोधली. २०२० साली त्याला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं. २०२२ च्या जानेवारीत तो वारला.

जायचं ठरलं तर (आई-बाबांना वाचून दाखवा)

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. अंगकोरचा पास एक, तीन किंवा सात दिवसांचा मिळतो. तीन दिवस तरी काढाच. १२ वर्षांखालच्या परदेशी मुलांना पास लागत नाही, पण वय दाखवायला पासपोर्ट जवळ हवा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर १२ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, तेव्हा रुसून बसू नका. पायऱ्या शिडीसारख्या आहेत. २०२५ साली कंबोडिया आणि थायलंडच्या सीमेवर लढाई झाली होती. म्हणून तिकिटं काढण्याआधी ताज्या बातम्या आणि सरकारी सूचना जरूर पाहाव्यात.

कोरीवकामाला हात लावू नका. एका हाताचा घाम दिसत नाही, पण लाखो हातांनी दगड गुळगुळीत होतो. हॉटेलात नळ उघडा सोडू नका. ती वाळूची मूद आठवा.

आणखी एक. देवळांपाशी तुमच्याच वयाची मुलं पोस्टकार्डं आणि बांगड्या विकायला येतात. गोड बोलतात, मागे लागतात. मन विरघळतं. पण त्यांच्याकडून काही विकत घेऊ नका, पैसेही देऊ नका, असं तिथले नियमच सांगतात. कारण देवळापाशी कमाई होऊ लागली की मुलाची 'साला' सुटते. मदत करायचीच असेल तर मोठ्या माणसांच्या दुकानातून वस्तू घ्या. मुलांना हात जोडून 'सुस्दै' म्हणा. म्हणजे नमस्कार. आणि निघताना 'अरकुन'. म्हणजे आभारी आहे.

अंगकोरला जाणं सगळ्यांनाच जमेल असं नाही. पण एक गोष्ट तुम्ही याच रविवारी करू शकता. तुमच्या गावातल्या सर्वांत जुन्या देवळाजवळ किंवा गडावर जा आणि पाणी शोधा. बारव आहे? तळं, कुंड, टाकं? त्यात पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? आज त्यात पाणी आहे, की कचरा? आजी-आजोबांना विचारा, चित्र काढा आणि आम्हाला पत्रानं कळवा. वाट पाहतोय!